नवा टीव्ही घेताय? आधी घरातली डिश, नेट अन् लाइट बघा

सोयाबीनचे पैसे हातात आले, दसरा-दिवाळी तोंडावर आली की तालुक्याच्या बाजारपेठेत टीव्हीच्या दुकानांपुढे गर्दी सुरू होते. आजीला कीर्तन आणि मालिका बघायच्या असतात, बापाला क्रिकेट, आणि पोरांचं एकच टुमणं असतं, गेम खेळता येईल असाच टीव्ही घ्या. दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले असतात आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ फिरत असतो. रंगीत मासे, मध टपकताना, फुलावरचं दव. बघणारा हरखून जातो.

तो व्हिडिओ टीव्ही विकायसाठीच बनवलेला असतो आणि पेन ड्राइव्हवरून चालतो. घरी आल्यावर त्याच टीव्हीला डिश जोडली की चित्र धुरकट दिसतं. मग "दुकानदाराने फसवलं" अशी बोंब होते. बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. टीव्ही चांगलाच असतो, पण त्याला खायला जे मिळतं ते कमी दर्जाचं असतं. म्हणून कोणता टीव्ही घ्यायचा हे दुकानात उभं राहून ठरवण्यापेक्षा आधी घरात बसून ठरवलेलं बरं.

चित्र येतं कुठून?

टीव्हीवरचं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. बाजारातल्या बहुतेक ३२ इंची टीव्हीत साधारण साडेदहा लाख ठिपके असतात, त्याला एचडी रेडी म्हणतात. फुल एचडीत पावणेएकवीस लाखांच्या आसपास आणि फोर-के टीव्हीत जवळपास ८३ लाख. ऐकायला फोर-के भारी वाटतं, आणि आहेच. पण डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या एसडी दर्जाच्या आहेत. त्या चित्रात फार तर सव्वाचार लाख ठिपके येतात. म्हणजे फोर-के टीव्हीला एका ठिपक्याचे वीस ठिपके स्वतःच्या मनाने तयार करावे लागतात. भाकरीएवढं पीठ घेऊन चादरीएवढी भाकरी थापायची म्हटल्यावर ती फाटणारच.

ज्या घरात फक्त फ्री डिश आहे, नेट घ्यायचा विचार नाही आणि गेमचाही प्रश्न नाही, त्या घराला ५५ इंची फोर-के टीव्ही हा निव्वळ भुर्दंड आहे. तिथे ३२ इंची टीव्ही जास्त स्वच्छ दिसेल. पैसे भरून घेतलेली डिश असेल तर एचडी पॅक आहे का ते बघा. साधा पॅक असला तर एचडी टीव्हीवरही साधंच चित्र येणार. एक बारीक गोष्ट बऱ्याच घरांत राहून जाते. सेट टॉप बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीनेच जोडलेला असतो. बॉक्सला एचडीएमआयचं छिद्र असेल तर शे-दोनशे रुपयांची एचडीएमआय केबल लावा, फरक लगेच दिसतो.

आता नेट. स्मार्ट टीव्ही घेतला आणि त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, की रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक किती पुरतो? नेटफ्लिक्सने स्वतः दिलेला हिशेब असा आहे: साध्या दर्जाला तासाला साधारण १ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत. म्हणजे एचडी सिनेमाचा मध्यंतर होण्याआधीच पॅक संपला. फोर-के चित्र न अडकता यायला १५ एमबीपीएसचा वेग लागतो, एचडीला ५. गावात फायबरचं कनेक्शन आहे का, शेतवस्तीवर रेंज किती येते, हे टीव्ही घेण्याआधी बघायचं. टीव्ही जिथे लावायचा त्याच जागी मोबाइल धरून रात्री आठ-नऊच्या सुमाराला वेग तपासा. सकाळी गच्चीवर मिळालेला आकडा काही कामाचा नाही.

किती इंची, आणि बसणार कुठे?

इंच मोजतात ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. ४३ इंची टीव्ही रुंदीला साधारण ९५ सेंटिमीटर, म्हणजे तीन फुटांहून थोडा जास्त भरतो. खोक्यावर आकडा सेंटिमीटरमध्येही असतो: ३२ इंच म्हणजे ८० ते ८१, ४३ इंच म्हणजे १०८. फोर-के टीव्हीसाठी ढोबळ हिशेब असा की तिरक्या मापाच्या दीडपट अंतरावर बसावं. ४३ इंचीला साडेपाच फूट, ५५ इंचीला सात फूट. चांगलं चित्र असेल तर दहा बाय दहाच्या खोलीत ४३ इंची आरामात बसतो. साधी डिश असेल तर आणखी मागे बसायला लागतं, नाहीतर डोळ्यांना ठिपके टोचतात.

बसण्याबद्दल दुकानदार सहसा विचारत नाही, आणि खेड्यातल्या घरात तोच मुद्दा मोठा. शहरात टीव्हीसमोर एक सोफा असतो आणि त्यावर दोन माणसं. इथे मॅचच्या दिवशी एक जण खाटेवर, दोघं जमिनीवर, एक उंबऱ्यात आणि शेजारचे दारातून डोकावणार. टीव्हीच्या काचेमागचं पॅनल मुख्यतः दोन तऱ्हेचं असतं. आयपीएस पॅनल बाजूने बघितलं तरी रंग टिकवतं. व्हीए पॅनल समोरून बघताना काळा रंग झकास काळा दाखवतं, पण बाजूला सरकलं की चित्र फिकं पडतं. दुकानदाराला नाव माहीत नसलं तर काही बिघडत नाही. टीव्ही चालू असताना समोरून हळूहळू बाजूला चालत जा, खाली बसून वर बघा. चेहरे पांढुरके पडत असतील तर तो टीव्ही मोठ्या कुटुंबाला नको.

याच कारणाने टीव्ही देवळीच्या वर, छताला टेकवून लावू नये. लहान पोरांनी हात लावू नये म्हणून लोक उंच लावतात, ते समजण्यासारखं आहे. पण खाली जमिनीवर बसलेल्या माणसाची मान दुखते आणि चित्रही फिकं दिसतं. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या थोडा वर असला की पुष्कळ झालं. दार-खिडकीच्या बरोबर समोर लावला तर दिवसा पडद्यावर आपलंच अंगण दिसतं.

खोक्यावरच्या मोठमोठ्या शब्दांचं काय?

एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच, मागून उजेड एलईडीचा. क्यूएलईडी म्हणजे त्याच एलसीडीत रंग खुलवणारा एक थर जास्त. ओएलईडी मात्र वेगळा, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. चित्राला तोड नाही, पण किंमत भारी. शिवाय बातम्यांच्या वाहिनीची पट्टी रोज तासन्तास एकाच जागी राहिली तर तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो. दिवसभर एकच वाहिनी लावून ठेवणाऱ्या घराने त्या वाटेला जाऊ नये.

एचडीआर हा शब्द हल्ली दहा-बारा हजारांच्या टीव्हीवरही दिसतो. त्याला खरा अर्थ यायला पडदा भरपूर उजळ लागतो. स्वस्त टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो, दाखवू शकत नाही. त्या शब्दासाठी जादा पैसे मोजायचे नाहीत.

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात कराचा आकडा तपासा.

पोरांच्या गेमचा हिशेब वेगळा

"गेमिंग टीव्ही" असं म्हटलं की दुकानात १२० हर्ट्झ, १४४ हर्ट्झ असे आकडे पुढे येतात. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते. साधे टीव्ही ६० वेळा बदलतात. आता बघायचं असं की पोरगं खेळणार कशावर? प्लेस्टेशन-४, जुना असो वा नवा, सेकंदाला ६० चित्रांच्या वर जातच नाही. साधा पीएस-४ फुल एचडीपर्यंतच चित्र देतो. सेकंड हँड पीएस-४ घेऊन देणाऱ्या बापाने १२० हर्ट्झच्या टीव्हीवर पैसे घालणं म्हणजे बैलगाडीला विमानाची चाकं बसवणं. पीएस-५ असेल तर गोष्ट वेगळी. तो फोर-केमध्ये सेकंदाला १२० चित्रं देऊ शकतो, पण त्यासाठी टीव्हीचं पॅनल खरंच १२० हर्ट्झचं आणि छिद्र एचडीएमआय २.१ चं लागतं. एचडीएमआय २.० मधून फोर-के ६० पर्यंतच जातं. आणि पीएस-५ सुद्धा ६० हर्ट्झच्या टीव्हीवर छान चालतो, न चालण्यासारखं काही नाही.

इथे एक चलाखी ओळखायला शिका. खोक्यावर "मोशन रेट १२०" किंवा तसलं काही लिहिलेलं असतं. तो पॅनलचा वेग नसतो, कंपनीने लावलेलं विशेषण असतं. खरा आकडा "रिफ्रेश रेट" या नावाखाली, कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून बघायचा.

हर्ट्झपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे उशीर. पोराने बटण दाबलं आणि पडद्यावरच्या गड्याने उडी मारली, यात किती वेळ गेला? टीव्ही आलेलं चित्र आधी घासतो-पुसतो, रंग चढवतो, मधली चित्रं स्वतः बनवतो आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना हे कळत नाही. गेममध्ये तेवढ्यात समोरचा गोळी मारून मोकळा होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये "गेम मोड" असतो, तो चालू केला की ही घासपूस बंद होते आणि उशीर बराच घटतो. एक पैसा न लागता होणारी ही सुधारणा कित्येक घरांत कुणी करतच नाही. दुकानात विचारायचं ते हेच: "दादा, ह्यात गेम मोड आहे का? लावून दाखवा." कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जाणारी सोय असेल तर आणखी बरं. तिला ऑटो लो लेटन्सी म्हणतात. खेळून झालं की मालिकेसाठी मोड परत बदलायचा, नाहीतर आजी म्हणणार चित्र बिघडलं.

बहुतेक पोरं मात्र कन्सोलवर नाही, मोबाइलवर खेळतात. त्यांना फ्री फायर नाहीतर बीजीएमआय मोठ्या पडद्यावर हवा असतो. मोबाइलचा पडदा वायफायवरून टीव्हीवर टाकता येतो, पण त्यात उशीर इतका होतो की नेमबाजीचा गेम खेळणं होत नाही. वायरीने जोडायचं म्हटलं तर सी-टाइप ते एचडीएमआय केबल मिळते, पण ती प्रत्येक मोबाइलवर चालत नाही. मोबाइलच्या छिद्रातून चित्र बाहेर काढायची सोय मुळात असावी लागते आणि स्वस्त मोबाइलमध्ये ती सहसा नसते. मोबाइलवरच्या गेमसाठी महाग टीव्ही घ्यायचा बेत असेल तर आधी पोराचा मोबाइल दुकानात नेऊन जोडून बघा. नाही चालला तर तेवढे पैसे वाचले.

स्मार्ट टीव्हीतच गेम टाकून ब्लूटूथ रिमोटवर, म्हणजे गेमपॅडवर, खेळता येतं. त्यासाठी टीव्हीत रॅम २ जीबी तरी हवी. १ जीबीचे टीव्ही यूट्यूब उघडतानाच धापा टाकतात. हे फक्त गेमपुरतं नाही, रोजच्या वापरालाही लागू आहे. कारण टीव्ही सात-आठ वर्षं वापरायचा असतो आणि ॲप दरवर्षी जड होत जातात.

स्वस्तातला "स्मार्ट"

बाजारात ओळखीच्या कंपनीसारखं नाव, त्याच रंगाचं खोकं आणि निम्मी किंमत असा मालही फिरतो. त्यातल्या बऱ्याच टीव्हींमध्ये टीव्हीसाठीचं अधिकृत गुगल टीव्ही नसतं, मोबाइलचंच अँड्रॉइड बसवलेलं असतं. त्यावर नेटफ्लिक्ससारखी ॲप एक तर चालत नाहीत, नाहीतर अंधूक चालतात. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर बीआयएसची खूण आणि "आर" अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असायला हवा. मोबाइलवर "बीआयएस केअर" ॲप घ्यायचं, तो क्रमांक टाकायचा, कंपनीचं आणि ब्रँडचं नाव जुळतं का बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार खोकं उघडू देत नसेल तर त्यातच उत्तर मिळालं.

नवखी कंपनी वाईटच असते असं नाही. पण बिघडल्यावर माणूस घरी येणार का, हा प्रश्न कोणत्याही कंपनीला विचारायचा. खरेदीच्या आधीच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करून आपला पिनकोड सांगा आणि सर्व्हिस कुठून मिळेल ते विचारा. जिल्ह्याच्या गावाहून माणूस येत असेल तर ठीक. "टीव्ही इकडे आणा" म्हणत असतील तर ५५ इंची काच एसटीत घालून नेण्याची तयारी ठेवा.

सगळ्यात मोठा शत्रू: लाइट

ही गोष्ट इंचाच्याही आधी यायला हवी होती, कारण खेड्यात टीव्ही जुना होऊन फार कमी मरतो. तो लाइटीने नाहीतर विजेने मरतो.

कमी व्होल्टेजची भीती टीव्हीच्या बाबतीत जरा जास्तच घेतली जाते. मागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर संध्याकाळी पंखा रडत असताना आणि बल्ब मिणमिणत असतानाही टीव्ही बहुधा चालतो. त्याला मारतं ते जास्त व्होल्टेज. घरात येणारी लाइट एक फेज आणि एक न्यूट्रल मिळून २३० व्होल्टची असते. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की काही घरांत व्होल्टेज चढत चढत ४०० च्या घरात जाऊ शकतं. बल्ब एकदम लख्ख होतात, पंखे गरगरायला लागतात, आणि काही क्षणांत अख्ख्या आळीतले टीव्ही, चार्जर, फ्रिज जातात. अशी लक्षणं दिसली की टीव्हीचं बटण शोधत बसायचं नाही, सरळ मेन स्विच पाडायचा. मग वायरमनला फोन.

पण माणूस दर वेळी घरी नसतो. म्हणून टीव्हीच्या बजेटमधले हजार-दोन हजार रुपये बाजूला काढून जास्त व्होल्टेजला तोडणारं यंत्र लावावं. टीव्हीचा स्टॅबिलायझर घेणार असाल तर त्यात "हाय व्होल्टेज कट-ऑफ" आहे का ते विचारा. नाहीतर घराच्या बोर्डावर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. तो मर्यादा ओलांडली की सगळ्या घराची लाइट तोडतो आणि व्होल्टेज जाग्यावर आलं की थोडं थांबून जोडतो. बाजारात स्पाइक बोर्ड म्हणून मिळणारं साधं एक्स्टेंशन या कामाचं नाही. क्षणभराचा झटका कदाचित झेलेल, पण सतत चढलेलं व्होल्टेज ते अडवू शकत नाही.

दुसरा धोका विजेचा. गंमत बघा, टीव्ही खरेदीचा हंगाम आणि परतीच्या पावसाचा हंगाम एकच. विजा कडाडायला लागल्यावर लोक टीव्हीचं बटण बंद करतात, फार तर पिन काढतात. डिशची वायर मात्र तशीच राहते. छतावरची लोखंडी डिश आणि तिच्यापासून थेट बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत गेलेली तांब्याची वायर, म्हणजे विजेला आवतण. बॉक्सच्या मागची डिशची वायरही काढून बाजूला ठेवायची. फायबरच्या राउटरची पिनही काढायची. हे सगळं ढग दाटून आले की करायचं. विजा डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायचा नाही, मग टीव्ही गेला तर जाऊ द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं "दामिनी" ॲप आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजांची सूचना देतं. ते मोबाइलमध्ये असलेलं बरं. शेतातल्या माणसाला तर टीव्हीपेक्षाही जास्त उपयोगी.

आणि वॉरंटीवर विसंबू नका. व्होल्टेजने किंवा विजेने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, पडदा फुटणंही नाही. मोठ्या टीव्हीचं पॅनल बदलायचा खर्च इतका येतो की बरेच जण नवीनच घेतात.

लाइट बिलाची काळजी त्या मानाने कमी आहे. ८० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट होतात. पीएस-५ वर मोठा गेम चालू असेल तर तो एकटा २०० वॉटच्या आसपास ओढतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर दोन्ही चालवायचं असेल तर बॅटरीचा अंदाज घ्या.

घरी आणताना आणि बिल घेताना

टीव्ही उभाच आणायचा. पिकअपमध्ये आडवा टाकून वर पोतं ठेवलं की काच मधोमध दबते. मोटारसायकलवर मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर टीव्ही, हे दृश्य दर दिवाळीला दिसतं आणि त्यातले काही घरी पोचेपर्यंतच फुटतात. खोकं उघडताना पहिल्यापासून मोबाइलवर व्हिडिओ काढा. ऑनलाइन मागवला असेल तर डिलिव्हरीवाल्यासमोरच उघडा, चालू करून बघा.

"नो कॉस्ट" हप्त्यावर घेत असाल तर फाइल चार्ज किती आणि रोखीने घेतला तर किती कमी पडेल, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा. फरक तिथे कळतो.

पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर असला पाहिजे आणि तो टीव्हीच्या स्टिकरशी जुळला पाहिजे. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. दोन्हींचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदाचं बिल वर्षभरात कोरं होतं. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही.